बेकरीवाल्याची मूठ

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कोलेस्टेरॉलची गोळी रोज घ्यायची, लोणी आणि तळलेलं कमी करायचं, आणि मधल्या वेळी बिस्किटांऐवजी मूठभर बदाम-अक्रोड खाल्ले तर चांगलंच." यातलं आमच्या ह्यांना ऐकू आलं ते एवढंच, की मूठभर बदाम-अक्रोड खा. बाकीचं सगळं दवाखान्यातच राहिलं, विसरलेल्या छत्रीसारखं.

आता मूठ कोणाची, ते काही बाई बोलल्या नाहीत. तिथेच घात झाला. आमचे हे बेकरीवाले. मैदा, साखर, मीठ, सगळं मुठीने घेतात. दुकानात वजनकाटा आहे, पण तो माझ्यासाठी, गिऱ्हाइकांना मापात द्यायला. ह्यांच्यासमोर काटा ठेवला की ह्यांचा अपमान होतो. "माझी मूठ कधी चुकत नाही," म्हणतात. खरंच चुकत नाही हो, दर वेळी तेवढीच भरते. फक्त ती मूठ नाही, फावडं आहे. पीठ मळून मळून पंजा इतका रुंद झालाय की थंडीत ह्यांच्या मापाचे हातमोजे मिळत नाहीत.

तर या फावड्याने बदामांचा समाचार सुरू झाला. आपला हात जगन्नाथ! भट्टी पेटवताना एक मूठ, पहिले पाव बाहेर आले की एक, दुपारी कंटाळा आला की एक. मी म्हटलं, "अहो, मूठभर म्हणाल्या होत्या त्या." तर म्हणे, "मूठभरच खातोय. किती वेळा ते कुठे सांगितलं?" बरं, कच्चे बदाम साहेबांच्या घशाखाली उतरत नाहीत. म्हणून ते लोण्यावर खमंग परतायचे, वर मीठ भुरभुरायचं. मी एकदा चार उचलले तर बरणी बाजूला सरकवली. "औषध आहे ते," म्हणाले.

स्वतः खाऊन भागलं असतं तर ठीक. पण ह्यांना गिऱ्हाइकांचाही उद्धार करायचा होता. एक निवृत्त पोस्टमनकाका रोज पाव न्यायला येतात, त्यांना गाठून ह्यांचं सुरू व्हायचं, "गोळ्या-बिळ्या सगळं थोतांड आहे, काका. निसर्गात सगळं आहे." आणि हे सांगता सांगता त्यांच्या पिशवीत लोण्याच्या बिस्किटांचा पुडा सरकवायचे. ही बिस्किटं निसर्गात कुठल्या झाडाला लागतात ते मी विचारलं नाही. गल्ल्यावर मीच बसते.

मी गप्प बसले, कारण गोळी तर हे घेत होते. रोज सकाळी मी हातावर ठेवायची, हे तोंडाशी न्यायचे, वर ग्लासभर पाणी प्यायचे आणि विचारायचे, "झालं समाधान?" झालं होतं. इतकी वर्षं संसार करूनही बाईमाणूस किती भोळं असू शकतं, त्याचा नमुना म्हणून मला काचेच्या कपाटात ठेवायला हरकत नाही.

मग पुन्हा रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल खाली यायचं सोडून वर गेलं होतं. डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या, "गोळी रोज घेता ना?"

"हो तर! हिला विचारा."

मीही नंदीबैलासारखी मान हलवली.

"आणि बदाम?"

"मूठभर. अगदी तुम्ही सांगितलं तसे," असं म्हणून ह्यांनी अभिमानाने मूठ पुढे केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी आपली मूठ शेजारी ठेवली. मोठ्या पावाशेजारी छोटासा बन ठेवावा तसं ते दिसलं.

"मूठ ही," बाई म्हणाल्या, "दिवसातून एकदा. बिनमिठाचे, बिनलोण्याचे. बिस्किटांऐवजी, बिस्किटांच्या जोडीला नाही. आणि गोळीच्या बदली तर नाहीच नाही. गोळी घेऊनही एवढं वाढलंय म्हणजे मला जास्त ताकदीची द्यावी लागेल."

जास्त ताकदीची गोळी आली. दोन दिवसांनी मी ह्यांचे ॲप्रन धुवायला काढले. भिजवण्याआधी खिसे उलटे करून पीठ झटकायचं, ही माझी नेहमीची पद्धत. एका खिशाच्या कोपऱ्यात पिठाचा खडा चिकटला होता. नखाने काढला तर आत गुळगुळीत काहीतरी लागलं. जिभेवर ठेवलं, कडू! दुसऱ्या खिशात एक अख्खी गोळीच सापडली, कालची, जास्त ताकदीची. बेकरीवाल्याच्या खिशात पांढरं काही निघालं तर कोणाला शंका येणार? जागा मात्र अक्कल लावून शोधली होती.

मला राग यायला हवा होता. पण आधी मला दुसराच ॲप्रन आठवला. कारण ही युक्ती ह्यांची नव्हती.

ह्यांचे थोरले भाऊ, आमचे दादा, याच बेकरीत भट्टीसमोर कोसळले. हातात ट्रे होता. ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवूनच गेले. त्यांनाही हीच गोळी चालू होती. त्यांचा एक ॲप्रन भट्टीशेजारच्या खिळ्याला अजून तसाच टांगलेला असतो. त्याला हे कोणाला हात लावू देत नाहीत. दादा गेल्यावर जाऊबाईंनी घरचे कपडे धुवायला काढले, तेव्हा त्यांच्या ॲप्रनच्या खिशात अशाच गोळ्या निघाल्या होत्या. त्यांनी फक्त मला सांगितलं. "भावजींना बोलू नकोस," म्हणाल्या, "त्यांच्या लेखी दादा म्हणजे देव. गेलेल्या माणसाची मूठ झाकलेलीच राहू दे." मी शब्द दिला होता.

मी तशीच बेकरीत गेले आणि धुवायला काढलेला ॲप्रन ह्यांच्या मळत्या पिठावर आपटला.

"अगं, पीठ!"

"पीठ गेलं खड्ड्यात. हे काय आहे?"

हे खिशाकडे बघत राहिले. मग पुटपुटले, "त्या गोळीने पाय दुखतात."

"मग तसं बाईंना सांगायचं! दुसरी दिली असती. देवाने तोंड काय नुसतं बदाम चघळायला दिलंय?"

नेहमीसारखं उत्तर येईल म्हणून मी पदर खोचून उभी होते. पण हे हात झटकत हळूच म्हणाले, "दादा घ्यायचा ना रोज. एक दिवस चुकवली नाही त्याने. काय उपयोग झाला? माझ्या मांडीवर गेला तो. मग मी कशाला घेऊ?"

जाऊबाई डोळ्यांसमोर आल्या. मनात त्यांची माफी मागितली आणि म्हटलं, "दादा घेत नव्हते."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"जाऊबाईंनी स्वतः मला सांगितलंय. खोटं वाटत असेल तर तो खिळ्यावरचा ॲप्रन आहे ना, घाला खिशात हात."

खरं तर त्यात काही असेलच असं मला कुठे माहीत होतं? दातओठ खात हे गेले. खिशात हात घातला. तो पंजा आत गेला आणि तिथेच थांबला. बाहेर आला तो मूठ मिटूनच, आणि ती काही केल्या उघडेना. शेवटी मीच एकेक बोट सोडवलं. जुनं पिवळं पीठ होतं, आणि त्यात एक गोळी.

हे मैद्याच्या पोत्यावर बसले. गोळीकडे बघत म्हणाले, "घेतली असती तर वाचला असता का गं?"

"ते मला माहीत नाही. बाईंनाही सांगता येणार नाही," मी म्हटलं. "पण मला भीती वाटते. खूप भीती वाटते. तुम्ही नसलात तर मी दिवसभर ओरडू कोणावर?"

आम्ही दोघं बाईंकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी ह्यांना असं झापलं की मला घरी येऊन काही करायलाच उरलं नाही. मग पायांचं विचारून गोळी बदलून दिली. आता बदाम माझ्या मुठीने मिळतात, बिनमिठाचे. त्याकडे बघून हे रोज म्हणतात, "हे काय, चिमणीला घालतेस?" मी म्हणते, "चिमणीचं कोलेस्टेरॉल बरं असतं." आधी गोळी, मग बदाम. गोळी गिळली की जीभ उचलून दाखवायची, शाळेतल्या पोरासारखी.

आणि ह्यांच्या सगळ्या ॲप्रनचे खिसे मी शिवून टाकले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण हे भट्टीपाशी गेले, खिळ्यावरचा ॲप्रन काढला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"याचाही शिव," म्हणाले.