ओळीवरचं बोट

मैनेला घेऊन आई शिक्षण कचेरीत निघाली तेव्हा तिला काळजी होती ती फक्त मैनेच्या रिबिनीची. पोरगी मान हलवत चालायची आणि वेणी सुटायची. परीक्षा म्हणजे तर मैनेच्या डाव्या हाताचा मळ. दहा वर्षांची ही मधली मुलगी. घरच्या प्रार्थनेतली दोनशे वचनं तिला मुखोद्गत, म्हणून तर नाव मैना पडलं. आणि सरावाच्या पुस्तकात तिची एक चूक सापडेल तर शपथ.

त्यांच्या घरात मुलं शाळेत जात नसत, घरीच शिकत. मैनेचा बाप सुतार. त्याने स्वतःच्या हाताने लांब टेबल केलं होतं, तिघांना पुरेल असं, खाली प्रत्येकाचा वेगळा खण. ताई तेरा वर्षांची, मैना दहाची आणि धाकटा पाचाचा. सकाळी प्रार्थना, मग धर्मग्रंथातलं एक पान, मग गणित, मग भाषा. शाळा माणसाला मोडते, असं सुतार म्हणायचा. लहानपणी एका मास्तरांनी त्याला वर्षभर वर्गाबाहेर उभं केलं होतं, एवढंच तो सांगायचा. पुढे विचारलं की रंधा हातात घ्यायचा. आपली मुलं देवाच्या नजरेखाली घरात वाढवायची, हे लग्नाआधीच ठरलेलं. आईलाही ते पटलं होतं, उगाच खोटं कशाला बोला. चार बुकं शिकलेली बाई ती. टेबलाच्या टोकाशी पट्टी घेऊन बसायला तिला मनापासून आवडायचं.

पैशाची ओढाताण होती, म्हणून पुस्तकं एकदाच घ्यायची, ताईसाठी. ताईचं सरावाचं पुस्तक संपलं की आई खोडरबर घेऊन बसायची आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी उत्तरं खोडून काढायची. मग तेच पुस्तक मैनेला, मैनेचं झालं की पुन्हा खोडून धाकट्यासाठी ठेवायचं. प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीतल्या बायका तिच्याकडून ही युक्ती शिकून गेल्या होत्या. तक्रार एकच, ताई पेन्सिल फार दाबून लिहायची. हजार वेळा सांगून झालं, अलगद लिही गं बाई, माझे हात मोडून येतात. पण पालथ्या घड्यावर पाणी. नवा कोरा कागद लागेल असं आई काही देतच नसे. बाकीचं सगळं तोंडी. मैना तोंडी पटापट सांगायची, आणि तिचं अक्षर तर हुबेहूब ताईसारखं. आलेल्यागेलेल्याला आई ते मुद्दाम दाखवायची.

आणि सुतार तर मंडळीत सगळ्यांच्या आदराचा. त्याचा एक नेम होता, धर्मग्रंथाखेरीज दुसरं काही वाचायचं नाही. पत्रं, नोटिसा, दुकानाच्या याद्या, सगळं आई वाचून दाखवायची, तो डोळे मिटून ऐकायचा, आणि एकदा ऐकलं की त्याला शब्द न् शब्द पाठ. संध्याकाळी ग्रंथ मांडीवर उघडून ओळीवर बोट ठेवून तो म्हणू लागला की पलीकडच्या घरातलं भांडणसुद्धा थांबायचं. मैना त्याच्या शेजारी बसायची. तसंच बोट, तसंच हलकेच डोलणं.

घरी शिकणाऱ्या मुलाला दहा वर्षं पूर्ण झाली की कचेरीत एक परीक्षा द्यावी लागे. उत्तीर्ण झालं तर त्याची घरी शिकायची परवानगी पुढे चालू. नाही झालं तर ते मूल शाळेत. ताई तीन वर्षांपूर्वी सहज उत्तीर्ण झाली होती. सुतार म्हणाला होता की माझी मुलगी शाळेची पायरी चढणार नाही, आणि आई हसून म्हणाली होती की तशी वेळच कशाला येतेय.

कचेरीतल्या बाई आईच्याच वयाच्या होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मैनेला खिडकीपाशी बसवलं, छापील कागद पुढे ठेवला आणि आईला मागचा बाक दाखवला. मैनेने कागद उचलला. डोळ्यांसमोर तिरका धरला, खिडकीच्या उजेडाकडे. बोटाचं टोक त्यावरून हळूच फिरवलं. मग कागद उलटा केला, पाठीमागून बघितलं, आणि पुन्हा तिरका धरला.

आईला ही सवय चांगली ठाऊक होती. घरीही मैना खिडकीजवळची जागा कुणाला द्यायची नाही. पुस्तक असंच तिरकं धरायची. माझ्या मैनेला अभ्यासाला उजेड लागतो, असं आई कौतुकाने सांगत आली होती. आता मागच्या बाकावर बसल्याबसल्या तिला उमगलं. पोरगी कागदावर ताईच्या पेन्सिलीच्या खुणा शोधत होती. खोडलेल्या अक्षरांचे वळ पानावर राहतात, तिरक्या उजेडात दिसतात, बोटाला लागतात. मैनेने आजवर जे लिहिलं ते त्या वळांवरून गिरवलेलं होतं. तिने कधी काही वाचलंच नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाई उठून मैनेजवळ गेल्या आणि पहिली ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. मैनेने एकदा मागे वळून आईकडे पाहिलं. मग ओळीवर बोट ठेवलं, हलकेच डोलली आणि गोड आवाजात सुरू झाली.

"तू उजेड दिलास म्हणून मला वाट दिसली, तू हात धरलास म्हणून मी पडले नाही."

कागदावर लिहिलं होतं, खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा. मैनेचं बोट त्यावरून सावकाश पुढे सरकत होतं, खालच्या ओळीवर उतरत होतं, आणि सकाळची आख्खी प्रार्थना तिने एका दमात म्हटली. बाईंनी तिला मध्येच तोडलं नाही. सगळं म्हणून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. आईला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तरी सोपं गेलं असतं. पण बाई हळू आवाजात म्हणाल्या की सात वर्षांच्या मुलांबरोबर बसवावं लागेल, येईल तिला, पण आता घरी ठेवू नका. एक कागद दिला. आठ दिवसांत वडिलांनी लेखी कळवायचं, मुलगी कधीपासून शाळेत येणार. हरकत असेल तर तीही लिहायची. खाली वडिलांची सही हवीच.

परत येताना रिबीन सुटली होती, आईच्या ते लक्षातही आलं नाही. मैना तक्रारीच्या सुरात म्हणाली, "त्या कागदावर आधी कुणी लिहिलंच नव्हतं, आई."

थोडं पुढे गेल्यावर मैनेने विचारलं की आता देव रागावेल का. तेव्हा आईला आठवलं. मैना सहा वर्षांची असताना अक्षरांवर अडायची, रडायची, आणि एकदा वैतागून आई बोलून गेली होती की ज्याला वाचता येत नाही त्याला देवाचं बोलणं कसं कळणार. बोलली आणि विसरली. त्यानंतर मैना कधी अडली नाही, कधी रडली नाही. आई त्याला आपल्या शिकवण्याचं यश समजत आली होती.

घरी ताई धाकट्याला बेरीज शिकवत बसली होती. आईचा चेहरा बघताच ती उभी राहिली. काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मला माहीत होतं."

मैनेने तिला सगळं पूर्वीच सांगितलं होतं. देवाची शपथ घालून, कुणाला सांगू नकोस म्हणून. ताईने शपथ पाळली आणि आपल्या परीने बहिणीची सोय केली. "तू ओरडायचीस, तरी मी दाबूनच लिहायचे," ती खाली बघत म्हणाली. "नाहीतर तिला दिसलं नसतं."

आईला तिच्यावर रागावता येईना. ती टेबलाच्या टोकाशी, आपल्या नेहमीच्या जागी बसली. कोऱ्या कागदावर दहा अक्षरं काढून तिने मैनेपुढे ठेवली. मैनेने चार सांगितली, त्यातली दोन चुकली, आणि मग कागद हळूच खिडकीकडे तिरका केला. आईने तो तिच्या हातातून काढून घेतला. चार वर्षं ही मुलगी हातभर अंतरावर बसत होती. पानन् पान आईने स्वतः खोडलं होतं, पण एकदाही कोरा कागद पुढे करून म्हटलं नव्हतं, हे लिहून दाखव. कागद वाचवायच्या नादात पोर हातची गेली. आपल्याला शिकवता येतं यावरचा तिचा विश्वास उडाला, तो पुन्हा येईल असंही तिला वाटेना. एकच गोष्ट उरली होती, मैनेला या टेबलावरून उठवून तिला खरंच शिकवेल अशा कुणाच्या तरी हाती देणं.

संध्याकाळी सुतार आला, हातपाय धुतले, आणि आईने त्याला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. कचेरी बघून पोर बावरली असेल, एवढंच म्हणाला. आईने पुन्हा सांगितलं की अहो, तिला अक्षरं येत नाहीत, मी स्वतः विचारून पाहिलं. त्याने मान हलवली. रोज माझ्या शेजारी बसून वाचते ती, म्हणाला, आण तो ग्रंथ.

आईने ग्रंथ आणला. त्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटणार नाही, म्हणून तिने मुद्दाम दुसरंच पान उघडलं. मध्येच कुठेतरी, एका राजाच्या लढाईची हकिकत होती तिथे. वर ठळक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. तिने ते पान मैनेपुढे ठेवलं आणि म्हणाली, सकाळची प्रार्थना वाच.

मैनेने बोट ठेवलं. "तू उजेड दिलास म्हणून मला वाट दिसली." सुतार तिच्या मागे उभा होता. त्याने वाकून स्वतःचं जाडजूड बोट तिच्या बोटामागे टेकवलं, आणि दोन्ही बोटं लढाईच्या ओळींवरून एकाच चालीने सरकत गेली. मैना थांबली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"बघ," तो आईला म्हणाला. "एक अक्षर चुकली नाही."

आईने पानाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो सरळ पानाकडे बघत होता, अगदी शांतपणे, आणि त्याला काहीच खटकलं नव्हतं. तिला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग मास्तर आठवले, वर्गाबाहेरचं वर्ष आठवलं, आणि तो नेम. पंधरा वर्षं तिने ज्या नेमाचं मंडळीत कौतुक ऐकलं होतं, स्वतःही केलं होतं, तो नेम. डोळे मिटून ऐकलेली पत्रं. तिच्या तोंडाशी शब्द आले होते की पान दुसरंच आहे. पण तिन्ही मुलं समोर होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद तिने क्वचितच पाहिला होता. तिने ग्रंथ मिटून ठेवला.

त्याच्या पुढ्यात, त्याच्याच ताटव्यातलं रोप उभं राहावं तशी मैना उभी होती. चाळीस वर्षांची मैना कशी असेल ते आईला दिसलं. तिचाही काही तरी नेम असेल आणि लोक तिला मान देतील.

"लिही त्यांना," सुतार म्हणाला. "माझी मुलगी वाचते. तिच्या बापाने डोळ्यांनी पाहिलंय. ती शाळेत येणार नाही."

आईने कागद पुढे ओढला आणि लिहिलं. मुलीला वाचता येत नाही. चूक आमची आहे. सोमवारपासून तिला शाळेत घ्यावं, ही विनंती.

"वाच बघू," तो डोळे मिटून म्हणाला.

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "माझी मुलगी वाचते," ती म्हणाली, आणि बोट पुढे सरकवत राहिली. "तिच्या बापाने डोळ्यांनी पाहिलंय. ती शाळेत येणार नाही." आवाज कापला नाही, याचंच तिला नवल वाटलं. मागे ताई उभी होती. तिने आईच्या खांद्यावरून कागद वाचला, धाकट्याला उचललं आणि आतल्या खोलीत निघून गेली.

सुताराने सही केली. तेवढी एक आकृती तो लाकडावर नक्षी काढावी तशी सावकाश, जीभ दातात धरून काढायचा. सोमवारी त्याला सगळं कळणार होतं. छापलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी तो आजवर तिच्याच जिभेवर विसंबला होता; यापुढे तिने काहीही वाचून दाखवलं तरी तो कसा मानणार होता? आणि मैना सात वर्षांच्या मुलांमध्ये गुडघे दुमडून बसणार होती, देव रागावला म्हणूनच इथे पाठवलं असं समजून. यातलं काहीही आता टळणार नव्हतं.

"पुन्हा एकदा वाच," सुतार म्हणाला. "उद्या मंडळींना सांगायचंय, शब्द न् शब्द तोच हवा."

मैना जवळ सरकली होती आणि आईच्या बोटाकडे टक लावून बघत होती. आईने पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मघाशी काय म्हटलं होतं ते आठवू लागली.