पानं दाट होईपर्यंत

फेब्रुवारीत, टोमॅटोची रोपं वीतभर असतानाच कोझिमोने माझा सोडून अगाथाचा आराखडा निवडला. कॅनडातल्या लेमिंग्टनमधलं ते हरितगृह त्याचं होतं. ओळींत टांगलेले सेन्सर हवेतला ओलावा मोजणार आणि राउटर ते आकडे त्याच्या ऑफिसात पोचवणार, असं काम होतं. राउटर कुठे बांधायचे हाच काय तो प्रश्न. माझ्या गणितात नऊ लागत होते, उंच तारांवर. अगाथा वीबने सातात भागवलं, तेही गुडघ्याच्या उंचीवर.

"जूनपर्यंत आकडे नीट आले तर नोकरी तिची," कोझिमो मला म्हणाला. "नाही आले तर तुझी. जूननंतर दोघांना ठेवणं परवडणार नाही, पोरा."

तिची चूक मला तेव्हाच दिसली होती. पानांत पाणी असतं आणि पाणी सिग्नल गिळतं. वेली वाढल्या की तिचे राउटर हिरव्या भिंतीमागे बुडणार. मी ते तिला आकृती काढून समजावलं.

"वाढू देत की," ती म्हणाली.

मग मी वेली वाढायची वाट पाहू लागलो. दर सोमवारी ट्रॉलीवर चढून टेपने शेंडे मोजायचो. खुद्द कोझिमोनेही त्या पिकाकडे इतक्या मायेनं पाहिलं नसेल. खाली अगाथा आईने केलेले बटर टार्ट वाटत फिरायची आणि सगळे तिला नावाने हाक मारायचे. मला ते टार्ट फार गोड लागायचे.

"काय रे लॅकलन," ती खालून विचारायची, "लपून खत घालतोस का?"

जूनमध्ये शेंडे तारेच्या वर गेले. कोझिमोने आम्हाला स्क्रीनसमोर बोलावलं. एकूणएक सेन्सर बोलत होता.

मी तडक ओळीत शिरलो आणि पहिल्यांदाच खाली उकिडवा बसलो. गुडघ्याच्या उंचीवर एकही पान नव्हतं. उघडी खोडं दोरखंडासारखी आडवी पसरलेली, त्यांच्यातून थेट पलीकडची काच दिसत होती. फळांना हवा मिळावी म्हणून कामगार दर आठवड्याला खालची पानं काढतात आणि वेल खाली उतरवतात. पानांनी भरलेल्या गाड्या रोज माझ्यासमोरून जायच्या. मी बाजूला सरकून त्यांना वाट द्यायचो. माझे नऊ राउटर मात्र वर, ऐन दाट पानांत अडकले असते.

अगाथा शेजारी येऊन बसली. "शाळेत असताना उन्हाळाभर हीच पानं तोडायचे मी. हाताचा हिरवा रंग जाता जायचा नाही."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू मला समजावत होतास."

कोझिमोने तिच्याशी हात मिळवला आणि मला डागी टोमॅटोंची एक पेटी दिली. मी दारापाशी पोचलो तेव्हा ती मागून म्हणाली, "टेप ठेवून जातोस का? मला आता लागेल."

टेप माझी स्वतःची होती. मी ती खिशात घातली आणि पेटी घेऊन बाहेर पडलो.