पैलवानाची नखं

कुत्र्याचं नाव पैलवान ठेवलं सिस्टरच्या नवऱ्याने, आणि निव्वळ चेष्टेने ठेवलं. ताटली पडली की हा पलंगाखाली, कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली, समोरच्यांच्या मांजराने नुसती जांभई दिली तरी पलंगाखाली. नवरा बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त. एवढा भेदरट जीव आपण उभ्या नोकरीत पाहिला नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पण एका बाबतीत पैलवान नावाला जागायचा. सिस्टर सतरंजीवर बसली आणि तिने मांडीवर थोपटलं, की तो मुकाट्याने येऊन नखं कापायला पंजा तिच्या हातात द्यायचा. दुसऱ्या कोणी पंजाला हात लावला तर मात्र घर डोक्यावर घ्यायचा.

यात नवल काही नव्हतं. सिस्टरचा हातच तसा हलका. लहान मुलांच्या वॉर्डात तिची हयात गेलेली. तान्ह्या बाळाची शीर डॉक्टरांना सापडेना झाली की तिला हाक जायची, आणि बाळाला रडायचं सुचेपर्यंत हिची सुई आत जाऊन वर चिकटपट्टीही लागलेली असायची. गल्लीतली माणसं इंजेक्शन म्हटलं की दवाखाना सोडून तिच्याकडे येत. ती कोणाला नाही म्हणत नसे. दमून आलेली असली तरी नाही, कारण खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायचं. कोणाला रूपाचा अभिमान असतो, कोणाला लेकरांचा. तिला हाताचा होता, आणि तिने तो कधी लपवलाही नाही.

तोच उजवा हात गेल्या काही महिन्यांपासून फितूर झाला होता. कप बशीवर ठेवताना किणकिण व्हायची. कुलपात किल्ली घालताना दोनदोनदा चुकायची. जागरण झालं असेल, अशक्तपणा असेल, असली कारणं ती स्वतःला देत बसली. हीच कारणं एखाद्या पेशंटने दिली असती तर तिने त्याला झाडून तपासणीला पिटाळलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र तिने मूग गिळले. कपाखाली दुसरा हात धरायचा, लोकांसमोर चहाच नको म्हणायचा, असं चाललं होतं.

मागच्या खेपेला नखं कापताना पैलवानाला नस लागली. नखाच्या आत जिवंत मांस असतं, त्यावर कात्री बसली की रक्त थांबता थांबत नाही. पैलवान किंचाळला तो असा, की शेजारीण धावत आली. तेव्हापासून त्याने पंजा दिला नाही. नखं वाढली, फरशीवर टकटक वाजू लागली, आणि आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख वळून मांसात रुतू लागलं. परवापासून तो लंगडत होता.

रविवारी दुपारी तिने मनाशी ठरवलं. आज पैलवानाने पंजा दिला आणि नखं नीट निघाली, तर उद्या नेहमीसारखं ड्युटीवर जायचं आणि हा विषय डोक्यातून काढून टाकायचा. नाहीतर मेट्रनबाईंच्या खोलीत जाऊन सांगायचं, की आजपासून माझ्या हाती सुई देऊ नका. हे ती कोणाला बोलली नाही. माणसं तोंडदेखलं बोलतात, कुत्र्याला ती विद्या येत नाही, म्हणून निकाल तिने त्याच्यावर सोपवला.

खिडकीपाशी चांगला उजेड होता. तिने सतरंजी घातली, रक्त आलंच तर लावायला तुरटीची पूड घेतली, नखांच्या कात्रीला तेलाचं बोट लावलं. लेक उकडलेल्या अंड्याचे तुकडे घेऊन समोर बसली. नवरा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होता, म्हणजे वाचल्यासारखं करत होता. सिस्टरने मांडीवर थोपटलं. पलंगाखालून आधी नाक आलं, मग बराच विचार करून उरलेला पैलवान आला आणि त्याने पंजा तिच्या तळहातावर ठेवला.

तिने कोपर बरगडीशी घट्ट दाबून धरलं आणि पहिलं नख कापलं. ते पांढरं होतं, आतली गुलाबी रेघ स्पष्ट दिसत होती. साफ निघालं. दुसरंही निघालं. लेकीने अंड्याचा तुकडा दिला. मग काळी नखं आली. काळ्या नखात आतलं काही दिसत नाही. चिमूट चिमूट कापायचं, मधोमध ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. तिथे हात घड्याळाच्या काट्यासारखा सरकावा लागतो. तिने कात्री नखाला लावली आणि कात्री नखावर वाजायला लागली, टिक टिक टिक. कोपर दाबलं, श्वास धरला, तरी वाजतच राहिली.

पैलवानाने मान वर केली. कात्रीकडे नाही, त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. मग अगदी सावकाश, न गुरगुरता, त्याने पंजा काढून घेतला आणि जाता जाता तिचं मनगट चाटलं.

मग लेक पुढे सरकली. "आई, तू त्याला धर ना. तुझ्याकडे तो शांत राहतो. कापते मी."

सिस्टरने कात्री देऊन टाकली. पैलवानाला ओढून कुशीत घेतलं, त्याचं डोकं काखेत दाबलं आणि एकदम लेकीकडे पाहिलं. हे वाक्य ती वॉर्डात रोज ऐकत होती. सिस्टर, तुम्ही बाळाला धरा, तुमच्याकडे ते शांत राहतं. नवी आलेली पोरगीही तेच म्हणायची, जुन्या दोघीही तेच म्हणायच्या. आणि ती मोठ्या तोऱ्यात बाळं धरायची, या पोरींना अजून साधं मूल धरता येत नाही म्हणून. आपण शेवटची सुई कधी लावली, ते आठवायला गेली तर आठवेना. गल्लीतलंही बऱ्याच दिवसांत कोणी इंजेक्शन घेऊन दारात आलं नव्हतं.

लेक काळी नखं कापत होती. चिमूट चिमूट, बोट मागून टेकवून, सराईतासारखी. पैलवान थरथरत होता, पण हलला नाही. रुतलेलं नखही निघालं.

"हे कुठे शिकलीस?" सिस्टरने विचारलं.

लेकीने बापाकडे पाहिलं. बापाने पेपर खाली ठेवला. "माझ्या पायांवर," तो म्हणाला. "दोन्ही अंगठे सोलून काढलेत तिने."

एरवी यावर तिघंही हसली असती.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"कप वाजतो ना गं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, लपवू दे. तेवढाच तुला आधार."

वॉर्डातलंही मग त्याच्याकडूनच कळलं. मेट्रनबाईंनीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की सिस्टर स्वतः येऊन सांगेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. म्हणजे तिने ज्या गोष्टीसाठी आज कुत्र्याला साक्षीला बसवलं होतं, ती साऱ्या जगाला ठाऊक होती. तिला लाज वाटली, राग आला, आणि इतक्या माणसांनी आपल्याला इतकं जपलं याचं तर असह्य दुःख झालं. ती पैलवानाच्या मानेत तोंड खुपसून रडली. त्याने रडू दिलं.

लेकीने तिचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. "काही नाही गं," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवू. एखादी गोळी देतील, थांबेल. बघ तू, काही होत नाही."

हा आवाज सिस्टरच्या चांगल्या ओळखीचा होता. सुई टोचण्याआधी ती स्वतः हयातभर मुलांशी याच आवाजात बोलत आली होती, आणि त्या आवाजात ती एकदाही खरं बोललेली नव्हती. लेकीला यातलं काही ती म्हणाली नाही. वॉर्डातली शहाणी मुलं करतात तसं तिने केलं. हात लेकीच्या हातात राहू दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.