सावित्राबाईंची एकच गोळी

माझी सासू सावित्राबाई म्हणजे वलवणच्या वरच्या ठाकरवाडीतली जडीबुटीवाली. मी त्यांना आत्या म्हणते. हृदयात धातूची झडप बसवल्यापासून त्यांनी स्वतःच्या मुळ्यांना हात लावलेला नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी तेवढी घ्यायच्या, रोज एक, संध्याकाळी कोंबड्या डालल्या की लगेच. त्यात कधी खाडा नाही.

तरी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. लोणावळ्यात दवाखान्यात तपासलं, तर रक्त नको इतकं पातळ. डॉक्टरांनी भरल्या रांगेसमोर विचारलं, "आजी, दोन-दोन गोळ्या खाता, की आपली मुळी चघळता?"

"न्हाई वो. एकच खाते."

"या लोकांना सांगून काही उपयोग नाही," ते नर्सला म्हणाले.

गोळी बंद केली तर झडपेत रक्ताची गाठ व्हायची भीती, तशीच चालू ठेवली तर रक्त वाहायची. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. मला त्यांचा असा राग आला म्हणता! पण घरी आल्यावर मीच आत्यांची पिशवी उलटीपालटी केली. आत मुळी नव्हती. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला मी हटूनच बसले. "आत्यांचं खरं धरा आणि मग सांगा, असं का होतं?"

डॉक्टर विचारात पडले. त्यांनी रक्त पुण्याला जनुकं तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आला. आत्यांच्या अंगातून या गोळीचा निचरा फार हळू होतो, आईबापांकडूनच तसं आलेलं.

"तुम्हाला अर्धीच पुरे," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "नेहमीचा डोस ज्यांच्यावरून ठरला, ते लोक वेगळे. लोकालोकांत हे बदलतं. तुमच्या वाडीतलं रक्त तर कुणी तपासलंच नाही. आजी, तपासणीला यायला सांगाल लोकांना?"

"सांगीन की. पन आदी तुमी सांगा. भाईर, समद्यांम्होरं. त्या दिशी बोललात तसं."

 डॉक्टर उठून रांगेसमोर आले. "सावित्राबाई गोळी बरोबर घेत होत्या. चूक माझी होती."

आत्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रांगेतल्या एकेकाकडे बघितलं. 

"बबिता," त्या म्हणाल्या, "वाडीत निरोप धाड. म्हनावं, आता या."