बाटलीतला की डोळ्यातला

कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. मागून म्हणत, तोंडावरही म्हणत. ती वरवर "पुरे झालं हं!" म्हणून झटकून टाकायची, पण आतून खूश व्हायची. का नाही होणार? बावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून ती एकच काम करत होती. इंजेक्शनच्या औषधाची भरलेली काचेची बाटली दिव्याखाली धरायची, आधी पांढऱ्या पडद्यापुढे, मग काळ्या पडद्यापुढे, आणि आत एखादा कण, धागा, काचेची कपची आहे का ते बघायचं. असेल तर लाल ट्रे, नसेल तर हिरवा. ऐकायला सोपं वाटतं ना? बसून बघा एक दिवस. दुपारपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकतील.

पण ही दुर्बीण सुटीच्या भोंग्याबरोबर काढून ठेवता येत नव्हती. ती घरी यायची. नवऱ्याने शिवलेल्या सदऱ्यातला एखादा टाका सैल दिसायचा, पेल्याच्या काठावर साबणाचा ओघळ दिसायचा. नवरा शिंपी, आयुष्यभर गिऱ्हाइकांची किरकिर ऐकलेला; तो एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यायचा. उरली सूनबाई. मुलगा महिन्यातले पंधरा दिवस कामासाठी बाहेरगावी, म्हणजे सगळा प्रसाद तिच्याच वाट्याला. ती "बरं आई" म्हणायची आणि पेला पुन्हा घासायची.

मंगळवारी घोळ झाला. एरवी एका पाळीत दहा-बारा बाटल्या लाल ट्रेत जातात. त्या दिवशी तिने पहिल्या दोन तासांतच तीनशे बारा टाकल्या! प्रत्येकीत एक काळपट ठिपका, जरासा लांबोळका, शेपूट असल्यासारखा. तिने बाटल्या भरणारं मशीन बंद करायला लावलं. मशीनवाल्याने बिचाऱ्याने अर्धा दिवस घालवून ते पार सुटं केलं, पुसलं, पुन्हा जोडलं. काही सापडेना. लॅबवाल्यांनी तीनशे बाराच्या तीनशे बारा बाटल्या उघडून औषध गाळलं, गाळणीचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तिथेही काही नाही.

तपासणी विभागाच्या मॅडम वयाने तिच्या मुलीएवढ्या. त्यांनी संध्याकाळी तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच ती काय ते समजली. चांगल्या बातमीला कुणी खुर्ची देत नाही.

"मावशी, एकाही बाटलीत काही नव्हतं."

"नव्हतं कसं? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!"

"तेच तर," मॅडम हळूच म्हणाल्या. "या शनिवारी तुमची परीक्षा घ्यावी लागेल. शंभर बाटल्या, पंचवीस मिनिटं. त्यात दहा खराब. त्यातल्या निदान नऊ सापडायला हव्यात, आणि दोनपेक्षा जास्त चांगल्या बाटल्या लाल ट्रेत जायला नकोत. तोवर घरी आराम करा. नाही जमलं तर पॅकिंगला जागा आहे. पगार तोच राहील."

पगार तोच! जणू तिला पगाराचं पडलं होतं. तिचा मुलगा तीन वर्षांचा असताना अकरा दिवस दवाखान्यात होता. पलंगाच्या डोक्याशी टांगलेल्या बाटलीकडे ती अकरा दिवस बघत बसली होती. तेव्हा तिला काही कळत नव्हतं. नंतर या खुर्चीवर बसल्यावर कळलं, की ती बाटली आपल्या आधी कुणीतरी डोळ्यात तेल घालून पाहिली होती. त्या कुणाच्या तरी जागी आपण आहोत, या एका गोष्टीवर तिने बावीस वर्षं काढली होती. खोकी चिकटवणं वाईट नव्हे हो, पण ती खुर्ची गेली तर आपल्यात काय उरतं, हे तिला सांगता आलं नसतं.

घरी आली ती धुमसतच. सूनबाईने पांढरी चादर पलंगावर घातली होती.

"ही धुतलेली आहे?"

"आजच धुतली आई."

"मग हा काळा डाग कसला?"

सूनबाई वाकली, बघितलं, पुन्हा बघितलं. "कुठे?"

"इथे! नाही, इथे... अगं, हा काय!" तिचं बोट चादरीवर फिरत राहिलं आणि डाग बोटाच्या पुढे पळत राहिला. सूनबाई काही न बोलता चादर काढून न्हाणीघरात घेऊन गेली. डाग चादरीबरोबर जायला हवा होता. तो भिंतीवर चढला. भिंतीवरून छतावर गेला. तिने डोळे उजवीकडे फिरवले, तो मागून रेंगाळत उजवीकडे आला. शेपटीसकट.

तिने डोळे मिटून उघडले. तो होताच. तीनशे बारा बाटल्यांतला ठिपका तिच्या घरी तिच्याबरोबर चालत आला होता.

न्हाणीघरात चादर आपटल्याचा आवाज येत होता. उठावं, सांगावं, "राहू दे गं, चादर स्वच्छ आहे" — एवढंच काम होतं. पण जीभ रेटेना. आयुष्यभर दुसऱ्याचे डाग दाखवले आणि आता हा आपला? ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही गप्प राहिली, आणि हट्टाला पेटलेल्या सूनबाईने चादर पुन्हा भिजवली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, दिवा मारून पाहिलं आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही. वयानुसार डोळ्याच्या आतला रस जरा आटतो, त्याचे धागे होतात. त्याची सावली दिसते. डोळ्यातला पडदा एकदम ठणठणीत आहे. उजेडाच्या रेघा चमकायला लागल्या किंवा ठिपके भराभर वाढले तर मात्र लगेच या."

"जाणार कधी हा?"

"जाणार नाही. तुम्ही विसराल त्याला."

"मी? मी काही विसरत नाही," ती म्हणाली. डॉक्टर हसले, तिला हसू आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण भेटायला आली. तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती सुरू झाली की बटण सापडत नसे. त्या दिवशी मात्र तिने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला आणि एक घडी केलेली चिठ्ठी पुढे सरकवली. "परीक्षेची पेटी जुनीच आहे. बुडाला नंबर असतात. हे दहा नंबर खराब. पाठ कर आणि चिठ्ठी फाडून टाक. माझं नाव घेतलंस तर खबरदार!"

"अगं, पण..."

"पण बिण काही नाही. तुझ्याशिवाय मी कुणाचं डोकं खाऊ?" रेडिओचे डोळे भरून आले होते, म्हणून ती भांडल्यासारखी बोलत होती. ती गेल्यावर चिठ्ठी पातळाच्या गाठीत राहिली. उघडली नाही, फाडलीही नाही.

नवरा मशीनवर बसून एका कोटाची बाही जोडत होता. त्याने पाय थांबवला. "काय गं, काय झालंय? तीन दिवसांत माझ्या शिवणीला नावं ठेवली नाहीस. जीव घाबरायला लागलाय माझा."

तिने सगळं सांगितलं. फक्त चादरीचं सोडून.

"माझ्या कानात सतरा वर्षं शिट्टी वाजते," नवरा म्हणाला. "या मशीनच्या कृपेने."

"अहो, आणि मला आज सांगताय?"

"सांगून काय करणार होतीस, कान धुवायला लावला असतास. पहिलं वर्षभर मी वेडा व्हायचा बाकी होतो. मग एकदा वाटलं, शिट्टी वाजतेय हे मला कळतंय. म्हणजे शिट्टी एक, आणि ती ऐकणारा मी दुसरा. मी काही शिट्टी नव्हे. तेव्हापासून ती वाजते, मी बाही जोडतो."

"तुमचं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. पण शब्द डोक्यात अडकून बसले.

शुक्रवारी सकाळी ती खिडकीपाशी स्टुलावर बसली. समोर पांढरी भिंत, हातात औषधाची धुतलेली रिकामी बाटली, तिच्यात पाणी आणि सुईच्या टोकावर मावेल एवढी कोळशाची भुकटी. बाटली स्थिर धरून डोळा फिरवला, तर ठिपका फिरला आणि भुकटी तळाशी गप्प. मग डोळा बाटलीच्या खांद्यावर रोवून धरला, श्वास सोडला, दोन क्षण थांबली. ठिपका डुलत डुलत खाली बसला. मग मनगटाने बाटली गोल फिरवली. भुकटी गरगरली, आणि ठिपका? ढिम्म!

ती स्वतःशीच हसली, मग कपाळावर हात मारून घेतला. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात: बाटली हलवा, डोळा नाही. नवख्या मुलींना ती स्वतः ओरडून सांगायची. पण बावीस वर्षांत हात तरबेज झाला होता, आणि तरबेज माणूस बाटली फिरवायचा आळस करून नजरच भरभर पळवतो. नवखी असती तर ही चूक झालीच नसती.

तिने बाटली खाली ठेवली. ठिपका दिसतोय, मग बघतंय कोण? डोळा? पण डोळा थकलाय हेही तिला कळत होतं. उद्याची भीती होती, तीही दिसत होती, छातीत डाव्या बाजूला, चांगली ठसठशीत. आतून सूनबाईचा भांडी ठेवल्याचा आवाज आला आणि "जरा हळू!" असं ओठांवर आलं. तेही तिला येताना दिसलं. जे जे दिसत होतं ते तिच्यापुढे होतं, मग ती कुठे होती? तिने मागे वळून बघितल्यासारखं आत बघितलं. तिथे दुर्बीण सापडेना, सासू सापडेना, बावीस वर्षंही सापडेनात. नुसतं बघणं होतं, आणि त्याला कसला डाग नव्हता. आपल्यात काय उरतं, म्हणून ती चार दिवस तळमळत होती. आणि हे तर खुर्चीवर बसण्याआधीपासून होतं. घाबरायला हवं होतं खरं तर. तिला उलट भूक लागली.

शनिवारी ती कारखान्याच्या फाटकापाशी रेडिओला भेटली आणि चिठ्ठी तिच्या हातात कोंबली, घडीसुद्धा न उलगडलेली.

"डोकं फिरलंय का तुझं!"

"चिठ्ठीने मी पास होईन गं. सोमवारच्या बाटल्यांचे नंबर कोण देणार मला? त्या कुणाला तरी टोचल्या जाणार आहेत."

रेडिओने चिठ्ठी मुठीत चुरगाळली आणि तिला आत ढकललं.

केबिनमध्ये मॅडमनी घड्याळ लावायच्या आधी ती म्हणाली, "आधी कागदावर एक लिहून घ्या. माझ्या डाव्या डोळ्यात ठिपका आहे. डॉक्टरांचा दाखला हा. तो जाणार नाही. आता घ्या परीक्षा."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि लिहून घेतलं.

शंभर बाटल्या. बाटली धरायची, डोळा रोवायचा, दोन क्षण, ठिपक्याला बसू द्यायचं, मग मनगट. ठिपका प्रत्येक बाटलीत आला. आला की ती मनात म्हणायची, आलास? बस. आणि पुढे बघायची. चाळिसाव्या बाटलीपर्यंत हात घामेजले, साठाव्याला वेळ मागे पडतोय असं वाटलं, आणि ती भीतीही आली, बसली. अठ्ठ्याहत्तरावी बाटली तिने दोनदा फिरवली. काहीतरी होतं, काहीतरी नव्हतं. तिने डोळे मिटले, उघडले, रोवले, फिरवली. काळ्या पडद्यापुढे केसाहून बारीक एक धागा चमकून गोल फिरला. लाल ट्रे. घड्याळ वाजलं तेव्हा हातात शंभरावी होती.

मॅडमनी लाल ट्रेतल्या बाटल्या उलट्या करून नंबर जुळवले. अकरा बाटल्या होत्या. "दहाच्या दहा, मावशी! आणि एक चांगली जास्तीची." त्या हसल्या. "चालतंय की. दर तीन महिन्यांनी डोळे दाखवायचे आणि ही परीक्षा द्यायची. सोमवारी या."

तिचा जीव भांड्यात पडला. "आणि मशीनवाल्याला मी स्वतः सांगते," ती म्हणाली. "त्याची अर्धी पाळी खाल्ली मी."

घरी पोचली तेव्हा सूनबाई गच्चीत चादर वाळत घालत होती. हात साबणाने पांढरे पडले होते. सासूला बघताच तिने चादरीचं टोक तिच्यापुढे ताणून धरलं. आवाज कापत होता, पण नजर खाली नव्हती. "चौथ्यांदा धुतलीय आई. आता दाखवा डाग कुठे आहे ते."

उन्हात चादर डोळे दिपवत होती. तिच्यावर ठिपका ऐटीत तरंगत होता.

"दिसतोय," ती म्हणाली.

सूनबाईचा चेहरा पडला.

"ऐक तर. चादर पहिल्या दिवसापासून स्वच्छ होती. डाग माझ्या डोळ्यात आहे. मला मंगळवारीच कळलं होतं, आणि मी तुला सांगितलं नाही. लाज वाटली. तू धूत राहिलीस आणि मी आवाज ऐकत बसले." तिने चादरीचं दुसरं टोक धरलं. "चुकलं माझं, पोरी."

सूनबाई चादर धरून उभीच राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते तिने खांद्याला पुसलं. मग एकदम म्हणाली, "म्हणजे तो पेला पण?"

"पेल्याचं मला नक्की सांगता येणार नाही," सासू म्हणाली. "तो फिरवून बघावा लागेल."

"मग आता चादर राहू दे. तुमचा डोळाच भिजत घालते!" असं म्हणून सूनबाई हसली, अगदी खळखळून.

ठिपका चादरीवरून सरकत तिच्या चेहऱ्यावर आला. सासूने डोळा स्थिर ठेवला, दोन क्षण थांबली, त्याला बसू दिलं. आणि चार वर्षं घरात वावरणाऱ्या सुनेच्या डाव्या गालावर हसताना खळी पडते, हे दुर्बिणीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.