देवीच्या डोहातली उसनी पेशी

सन २०२३. अधिक श्रावण सरून निज श्रावण लागला, तेव्हा मी जन्मले. मी एक पेशी. तांदळाच्या कणीएवढ्या माशाच्या मेंदूतली.

शिवथरकडचा आमचा डोह देवीचा. त्यातला मासा कुणी धरत नाही. सयाजी राखणदार. त्याची नात अक्षदा मुंबईला माशांच्या मेंदूचं शिकते. सुट्टीत आली आणि तिने चिमूटभर अंडी मागितली.

"ने. पण पिल्लं जिती परत आण," सयाजी म्हणाला. रिवाजाप्रमाणे त्याने काठावर नारळ ठेवला. डोहातलं काही नेलं की हा नारळ जामीन. परत आलं की फोडायचा. नाही आलं, तर राखणदाराचा शब्द गेला. सयाजीचा कधी गेला नव्हता.

अंडी सयाजीच्याच घरात, काचेच्या वाडग्यात होती. तिथे मी झाले. आधी मी कोणीच नव्हते. मेंदूच्या मागच्या भागात, मधोमध, खालच्या शेजारणी पेशींनी सांगावा धाडला आणि माझं काम ठरलं. सेरोटोनिन बनवायचं. भूक, झोप, भीती यांचा मेळ राखणारं रसायन ते. मी लांब तंतू काढले, दूरवर पोचवले. आम्ही मोजक्याच, पण अख्खा मेंदू आमच्या ओळखीचा.

पिल्लू अंड्यातून निघालं. अंग काचेसारखं. अक्षदाच्या सूक्ष्मदर्शकाला सयाजीने डोळा लावला.

"काळीज उडतंय गो! आणि तुझी ती पेशी?"

"ती अशी नाय दिसत, आजोबा. रंग घालावा लागतो. मग मासा जगत नाय."

"मग हाय कशावरून?"

"हाय."

"देवीसारखं म्हण की!"

आजी बनुबाई चुलीपाशी हसली. "रंग घाल गो तू. यांच्या नारळाला कोंब येईल, पण फोडाय मिळायचा नाय."

रंगाची बाटली अक्षदाच्या पिशवीत होती. मला पाहायलाच तर ती एवढी शिकली. घरात कोणी नसताना तिने झाकण सैल केलं, वाडग्यावर झुकली. तिच्या सावलीने पिल्लू तळाशी थिजलं. ती बघत राहिली.

मग तिने झाकण घट्ट लावलं. दिवा मालवला, वाडग्यावर आजीचं फडकं टाकलं.

आता काम माझं होतं. मी ते केलं. पिल्लू हळूहळू सुटलं, वर आलं, पहिला घास घेतला. फडक्याची कड उचलून अक्षदा एकटीच हसली. मी तिला दिसले नाही. तरी ती माझ्याकडेच बघत होती.

श्रावण सरायच्या आत तिने वाडगा डोहात कलंडला. सगळी पिल्लं आधी काठाकाठाने फिरली, मग खोलात गेली.

सयाजीने नारळ उचलला आणि फोडला.