कॅमेऱ्याच्या डोळ्यात कुंकू

मित्रांनो, मला खटारा म्हणायचं असेल तर माझ्यासमोर उभं राहून म्हणा, पाठीमागून नको. मी जुनी पांढरी जीप आहे. पत्रा जाड, आवाज मोठा आणि अब्रू त्याहून मोठी. आजकालच्या गाड्यांना स्कूटर टेकली तरी पोचा पडतो. मला एकदा कन्नडच्या बाजारात बैल घासून गेला, तर लागलं ते बैलाला.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्रांनी मला जोडलं, रंग फासला आणि बाहेर उन्हात नेऊन उभं केलं. तिथून मला पुंजाराम आपल्या मळ्यात घेऊन आले. त्यांच्या बायकोनं, आवडाबाईनं, माझ्या चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि मला खालीवर बघून म्हणाली, "गाडी चांगली हाय, पण तोंड लई फुगलेलं हाय हिचं." मी मनात म्हटलं, बाई, तुमचंही काही कमी नाही. तेव्हापासून आमचं जमलं.

मी अद्रकाची पोती वाहिली, वऱ्हाडं वाहिली, घाट चढले आणि उतरले. आवडाबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला दवाखान्यात मीच पोचवलं. भर उन्हाळा होता. पाण्याची टाकी तापून फुटायच्या बेताला आली होती, पण मी मधे थांबले नाही. त्या दिवशी सायली जन्मली. म्हणून त्या पोरीवर माझा थोडा हक्क आहे, असं मी मानते. कुणी विचारलं नाही, तरी मानते.

पुढं पुंजाराम वारले. मुलगा सुदर्शन वाळूजच्या कंपनीत लागला आणि आम्ही सगळे संभाजीनगरला आलो. नवं घर चांगलं होतं, पण फाटक एवढंसं. मी आत मावेना. मळ्यात मला स्वतंत्र छप्पर होतं. इथं गल्लीत, रस्त्याच्या कडेला, लोकांच्या गाड्यांच्या रांगेत उभी राहिले. कोणी माझ्यावर पाय ठेवून चपलेचा पट्टा बांधी, कोणी माझ्या आरशात भांग पाडी. मी सगळं गिळलं.

मग गल्लीत चोऱ्या सुरू झाल्या. उभ्या गाड्यांतून वस्तू जाऊ लागल्या. कुणाची स्टेपनी गेली, कुणाचा गाण्याचा डबा गेला. करुणा बाई शाळेत शिकवतात, त्यांच्या गाडीतून तर चष्मा नेला. चोराला त्यातून काय दिसणार होतं, देव जाणे. माझ्या पोटातून जॅक गेला. सकाळी आवडाबाई कमरेवर हात ठेवून सुदर्शनला म्हणाली, "आता चाक बदलताना गाडी काय तुझ्या सासऱ्याच्या खांद्यावर उचलायची?"

त्याच आठवड्यात कॅमेरा आला. समोरच्या अनवरीबीचा मुलगा वासिफ, त्याचं शहागंजला कॅमेऱ्यांचं दुकान आहे. त्यानंच शिडी लावून फाटकावर तो बसवला आणि खाली पाटी ठोकली की इथं कॅमेरा आहे.

"आज्जी, गाडी पूर्ण दिसती बघा. नंबरसुद्धा वाचता येतो."

"आन् चोर?"

"चोर दिसंलच. पण त्याच्या आधी चोराला कॅमेरा दिसला पायजे, हे खरं काम. दिसला की तो पुढच्या गल्लीत जातो."

"म्हंजी पुढच्या गल्लीला बसवायला पुन्हा तूच मोकळा!" आवडाबाई म्हणाली, आणि वासिफ शिडीवर हसला.

खरं सांगते, मला तो कॅमेरा आवडला नव्हता. वाटीएवढं डोकं, आणि माझी राखण करणार! पण एका संध्याकाळी एक माणूस रांगेतल्या गाड्यांची दारं एकेक ओढून बघत आला. माझ्या कडीला त्यानं बोटं लावली, वर पाहिलं, पाटी पाहिली, आणि हात खिशात घालून शीळ वाजवत निघून गेला. त्या दिवसापासून मी त्या वाटीला मानलं.

नुकसान झालं ते दुसरंच. घरातले लोक सैल झाले. सुदर्शन आधी चारही दारं ओढून बघायचा, तो आता काच अर्धी उघडी टाकून जाऊ लागला. सीटवर पाकीट, सीटवर डबा. कोणी बोललं तर एकच उत्तर, "कॅमेरा हाय ना."

आणि मग दसरा आला.

सायली आता मोठी झालेली. नर्सचं शिक्षण संपलेलं, सरकारी दवाखान्याच्या यादीत नाव लागलेलं. दसऱ्यानंतर एक दिवस सोडून जालन्याला कागदपत्रांची तपासणी होती. मूळ कागद दाखवले नाहीत तर नाव जाणार आणि खालच्याचं नाव वर येणार. पोरीनं सगळे कागद एका फायलीत लावून, निळ्या पिशवीत घालून तयार ठेवले होते. पैशांचं पाकीटही त्यातच होतं.

सकाळी मला धुतलं, पुसलं, झेंडूचा हार घातला. आवडाबाई ताट घेऊन आली आणि सायलीला म्हणाली, "ती पिशवी आण."

"कशाला, आज्जी?"

"आज हत्याराची पूजा असती. तुझ्या आजोबाचं हत्यार औत होतं. तुझं हत्यार ही कागदं. ठेव गाडीत, दोघींची पूजा संगं करते."

पिशवी माझ्या पुढच्या सीटवर बसली. तिला हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पूजा झाल्यावर सायली म्हणाली, "आता घरात नेते."

"हात लावू नको! पूजेला लावलेलं हत्यार दिवस मावळल्याबिगर हलवायचं नसतंय."

"मग गाडीला कुलूप तरी लावू दे."

"दसऱ्याच्या दिवशी लक्ष्मीच्या तोंडावर कुलूप घालती का? वर राखणदार हाय की बसलेला." असं म्हणून आवडाबाईनं वर पाहिलं आणि तिला एकदम आठवलं. "अगं बया, त्याचीबी पूजा राहिली! बारा महिने जागतंय बिचारं."

स्टूल आलं. आवडाबाई सत्तरीची, पण स्टुलावर चढली ती कुणाचा हात न धरता. कॅमेऱ्याला हार घातला. मग ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि नेमका त्याच्या डोळ्यावर टेकवला. वर अक्षता चिकटवल्या. मित्रांनो, मी बघत होते! माझ्या डोळ्यांदेखत त्याचा डोळा गेला. आणि खाली सगळे हात जोडून उभे.

दुपार गेली. संध्याकाळी लोक नवे कपडे घालून, आपट्याची पानं घेऊन बाहेर पडले. ओळखीचे, बिनओळखीचे, जो तो दुसऱ्याला सोनं देत होता आणि वाकत होता. अशा वेळी गल्लीत नवा माणूस दिसला तर कोण विचारतं?

तोही आला. तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात आपट्याची डहाळी. माझ्याजवळ थांबला आणि त्यानं वर पाहिलं. आधीचा माणूस वर बघून निघून गेला होता. हा वर बघून हसला.

त्यानं माझं दार उघडलं, जणू त्याचीच गाडी आहे. पिशवी उचलली, खांद्याला लावली. दारात हार अडकला होता तो सोडवून नीट केला, मग दार हळूच लोटलं. आणि तेवढ्यात फाटक वाजलं. आवडाबाई सोन्याचं ताट घेऊन बाहेर आली.

मला वाटलं, आता हा पळणार आणि आवडाबाई अशी बोंब ठोकणार की अख्खी कॉलनी गोळा होईल.

तो पळाला नाही. दोन पावलं पुढं झाला. "आज्जी, सोनं घ्या, सोन्यासारख्या ऱ्हावा," म्हणत तिच्या पाया पडला. वाकताना पिशवी खांद्यावरून घसरली, ती त्यानं सावरली.

आवडाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "औक्षवंत हो, लेकरा. कुणाचा रं तू?"

"मागच्या गल्लीतला."

"गुणाचा हायेस. आजकालची पोरं वाकत न्हाईत."

आणि तो गेला. सायलीचं सगळं शिक्षण खांद्यावर घेऊन, वर आशीर्वाद घेऊन गेला. माझ्या काचा थंड पडल्या. मी जन्मात अपघात पाहिलेत, घाटात उलटलेले ट्रक पाहिलेत. असं काही पाहिलं नव्हतं. मी बघितलं होतं, पण मला बोलता येत नाही. ज्याला दाखवता येतं त्याचा डोळा लिंपलेला. आणि जिला बोलता येतं ती खुशीत पुढच्या दारी सोनं वाटायला गेली.

अर्ध्या तासानं सायलीनं माझं दार उघडलं. सीटवर हात फिरवला. खाली पाहिलं, मागं पाहिलं.

"आज्जी, पिशवी तू घेतलीस का?"

कोणीच घेतली नव्हती. पोर माझ्या पायरीवर बसली. रडली नाही, नुसती बसून राहिली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आवडाबाईचा आवाज मात्र चढला. "बोलवा त्या वासिफला! खोटा माल गळ्यात बांधला मेल्यानं. फुकट पूजा केली मी त्याची!"

वासिफ घरातून तसाच आला. मोबाईल माझ्या बॉनेटवर ठेवून त्यानं दिवसभराचं चित्र मागं फिरवलं. सगळे वाकून बघू लागले. पडद्यावर आवडाबाईचा चेहरा आला, डोळे बारीक केलेले, जिभेचं टोक दातांत धरलेलं. मग अंगठा आला. अंगठा मोठा मोठा होत गेला. मग सगळं लाल. मग काहीच नाही.

कोणी हसलं नाही. आवडाबाईनं आपला अंगठा मुठीत लपवला.

"आमच्या दारावरचा कॅमेरा बघतो," वासिफ हळूच म्हणाला. तो बाजूला जाऊन बघत राहिला, आणि त्याचं तोंड उतरलं. तो आत गेला आणि अनवरीबीला घेऊन आला. अनवरीबी आवडाबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, पयले सबको आत पाठवा. मग दाखवते."

"का? माझ्या घरातल्यांनी बघू नये असं काय हाय त्यात?"

"तुमचंच हाय, म्हणून म्हणते."

"मग सगळ्यांसमोर दाखव. आवडाबाई कुणाला भेत न्हाई."

दाखवलं. तो माणूस, ती पिशवी, तो वाकलेला. आणि त्याच्या डोक्यावर हात.

आवडाबाईनं माझा आरसा धरला. "ह्याच हातानं," ती म्हणाली. "ह्याच हातानं, गं." मग तो हात लुगड्याला पुसू लागली. पुसतच राहिली. अनवरीबीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला तेव्हा कुठं ती थांबली.

त्याच चित्रात पुढं दिसलं की तो कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटकडं वळला. सुदर्शन, सायली, वासिफ बॅटऱ्या घेऊन धावले. गाजरगवतात फाईल सापडली. पिशवी नव्हती, आतलं पाकीट नव्हतं. कागद त्याच्या कामाचे नव्हते म्हणून फेकलेले. एकेक वेचून आणले. सगळे होते, बारावीची गुणपत्रिका तेवढी नव्हती.

तिच्या जागी पोलिसांत दिलेल्या तक्रारीची नक्कल लागणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे माझ्यात बसले. वाटेत सुदर्शन म्हणाला, "आई, चोरी झाली एवढंच सांगू. तो तुझ्या पाया पडला, तू आशीर्वाद दिला, हे कशाला? पेपरात आलं तर लोक हसतील."

आवडाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "त्याचं तोंड हातभर अंतरावरून मी एकटीनं बघितलंय. ते सांगायचं तर बाकीचं बी सांगावं लागंल. हसू दे लोकाला. पोर रडण्यापरीस ते बरं."

ती पोलीस ठाण्यात गेली. तासाभरानं बाहेर आली तेव्हा तिचं तोंड माझ्याहून फुगलेलं होतं, पण हातात नक्कल होती.

पुढच्या दिवशी जालना. सायली फाईल छातीशी धरून आत गेली. आवडाबाई माझ्यातच बसली; पाणीसुद्धा प्यायली नाही. दुपारी सायली धावत आली. "आज्जी, नाव राहिलं! दुसरी गुणपत्रिका पंधरा दिवसांत द्यायची, एवढंच!" तेव्हा आवडाबाईनं पदर तोंडाला लावला. पुंजाराम गेले तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती.

मित्रांनो, तो माणूस अजून सापडलेला नाही. आजही संध्याकाळी कुणी इस्त्रीचा शर्ट घालून जवळून गेला की माझा पत्रा गार पडतो. म्हणून जाता जाता सांगते, ऐका. घरावर कॅमेरा लावा, जरूर लावा. त्याला बघून चोर परत गेलेला मी पाहिलाय. पण त्याचा डोळा पुसत जा. पूजा करायची तर भिंतीची करा, डोळ्याची नको. आमच्यासारख्या उभ्या गाड्यांच्या पोटात किमतीचं काही ठेवू नका, आणि दार ओढून बघितल्याशिवाय घरात जाऊ नका, सण असो की सुतक. कॅमेरा झालेलं दाखवतो. होताना थांबवायचं ते तुमच्यासारख्या जागत्या माणसांनी.

मला हॉर्न आहे, आणि तो दोन गल्ल्यांपर्यंत ऐकू जातो. पण तो दाबायला माणूस लागतो.